बाहेरून आत गेलेली चीर

१८ ऑक्टोबर

टाक्या गेल्या! क्रेन आली, दोर आवळले, आणि दीड महिना आमचं अख्खं वर्कशॉप अडवून बसलेल्या त्या दोघी एकदाच्या ट्रकवर चढल्या. वडशाच्या रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. मीही मुद्दाम बाहेर जाऊन उभी राहिले, म्हणजे कोणी विचारलं तर सांगता यावं.

वामनरावांची उकड्या तांदळाची मिल ब्रह्मपुरी रस्त्याला आहे. तिथे धान सत्तर डिग्रीच्या पाण्यात पाच-सहा तास भिजवतात, मग वाफवतात. आजवर सिमेंटचे हौद होते, तांदळाला कुबट वास यायचा. आता स्टेनलेस स्टीलच्या टाक्या. नक्शा माझा, मापं माझी, वेल्ड अब्बांचा. डिप्लोमा झाल्यापासून अब्बांना मदत करते आहे, पण सगळं डोकं माझं असं हे पहिलंच काम. म्हणून ही वहीही आजच सुरू करते.

शेवटच्या दोन दिवसांत मात्र जीव गेला. वेल्डच्या कडेनं पत्रा निळा-तपकिरी होतो. तो डाग काढायची खास पेस्ट असते, ती संपलेली. नागपूरहून मंगळवारी येणार, आणि वामनरावांना टाक्या आजच हव्या. अब्बा गडचिरोलीला मामूंकडे. मग मी डोकं चालवलं. हार्डवेअरच्या दुकानातून फरशी धुवायच्या ॲसिडच्या सहा बाटल्या आणल्या, ब्रशनं सगळीकडे मारलं. धूर निघाला, खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं, आणि डाग गायब. मग दोन तास पाइपनं धुतलं. शेवटी पेस्टमध्येही ॲसिडच असतं, उगाच तिचे लाड. अब्बा आले तेव्हा टाकीत तोंड दिसत होतं. "वा!" म्हणाले. कशानं केलं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. माझ्या युक्त्या मी फुकट वाटत नाही.

२१ ऑक्टोबर

मिलमध्ये उद्घाटन झालं, टाक्या सुरू झाल्या. वामनराव प्रत्येक पाहुण्याला टाकीपाशी नेऊन त्यात तोंड बघायला लावत होते. मला पुढे ओढून म्हणाले, "हे हाफिजभाऊची पोरगी. इंजिनेर आहे. हिनंच काढला नक्शा." अब्बा मागे मान खाली घालून उभे होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. अब्बांना आनंद झाला की कान लाल होतात. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला होता.

२२ नोव्हेंबर

आरमोरीच्या एका खानावळीची गरम पाण्याची टाकी तयार झाली. पेस्ट आता आलेली आहे, पण माझी युक्ती जास्त झटपट. अब्बा जुम्याच्या नमाजाला गेले तेवढ्यात ॲसिड मारून, धुऊन मोकळी. खानावळवाला फेब्रुवारीत नेणार आहे.

११ डिसेंबर

सकाळी मिलच्या मुखरूभाऊंचा फोन. ते तिथले बॉयलरचे मिस्त्री, कधीही घाईत नसतात. आजही नव्हते. "फरहतबाई, तुमची टाकी रडून राह्यली."

अब्बांना मागे बसवून स्कूटर काढली. टाकीला चार पाय आहेत. पाय थेट पत्र्याला जोडत नाहीत, मध्ये हातभर लांबीचा जाड तुकडा लावतात, त्याला पॅड म्हणतात. पॅडच्या कडेनं सलग वेल्ड नसतो, थोड्या थोड्या अंतरावर टाके मारलेले असतात. वेल्डच्या दोन टाक्यांमधल्या फटीतून चहासारखं पाणी ओघळत होतं. एका नाही, तीन पॅडांतून. दुसऱ्या टाकीचंही एक पॅड ओलं. फक्त सात आठवडे झालेत!

अब्बांनी त्या ओघळाला बोट लावलं आणि बोट जिभेवर ठेवलं. मग थुंकले. मग टाकीवर तळहात टेकवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग म्हणाले, "मुखरूभाऊ, टाकी खाली करा."

परतताना मीच बोलत होते. पाणी खराब असेल, पत्रा नकली असेल, त्यांनी जास्त तापवलं असेल.

१२ डिसेंबर

स्टेनलेस म्हणजे डाग न लागणारं. तेच गळतंय. पुस्तकं काढून बसले, पण पुस्तकात टाक्या गळत नाहीत.

वर्कशॉपच्या मागच्या खिडकीत ॲसिडच्या रिकाम्या बाटल्या ठेवल्या होत्या, बॅटरीचं पाणी भरायला. एकही सापडली नाही. अम्मीला विचारलं तर तिनं कानांवर हात ठेवले. आमच्या घरात वस्तू पायांनी चालत जातात.

१४ डिसेंबर

आज जे झालं ते लिहिल्याशिवाय माझा राग उतरणार नाही.

वामनराव आले. धान भरलेली पोती दारात उभी आहेत आणि त्यांना पुन्हा जुन्या हौदांत भिजवणी सुरू करावी लागली. माणूस मुळात सभ्य, आवाज चढवत नाही, पण आज चढवला. "हाफिजभाऊ, तुमाले नकली पत्रा देऊन फसवलं कोनी तं सांगा. नाई तं तुमी मले फसवलं."

मी तोंड उघडणार तोच अब्बा म्हणाले, "माल असली आहे वामनराव. पानी पन चांगलं आहे तुमचं. वेल्ड माहा कच्चा पडला. हात थरथरते आता. दोनी टाक्या मी बदलून देतो."

हात थरथरतो! ज्या माणसाचा वेल्ड पाहायला पॉलिटेक्निकचे सर मुलांना घेऊन आमच्याकडे यायचे! वामनरावांनाही पटेना. "तुमचा हात?" म्हणाले. अब्बा नुसते मान हलवत राहिले. वर्कशॉपात तेव्हा चार गिऱ्हाइकं उभी होती. संध्याकाळपर्यंत हे सगळ्या वडशात होणार.

ते गेल्यावर मी विचारलं, "अब्बा, न तपासता कसं म्हणता?"

"तपासाचं का त्यात? वेल्डजवळ फाटली, वेल्डच असन."

"जवळ म्हणजे वेल्डमध्ये नाही!"

"फरहत, सोड ना हे. बदलून देऊ, झालं."

मी सोडणार नाही. अब्बा म्हातारपणाला घाबरले आहेत, मला दिसतंय. गेल्या वर्षी चष्म्याचा नंबर वाढला तेव्हापासून स्वतःवरचा विश्वास उडालाय, म्हणून पहिल्या फटक्याला हात वर केले. त्यांचा हात साबूत आहे हे मी सिद्ध करून दाखवीन. नाही केलं तर डिप्लोमाचा कागद चुलीत घालीन.

१९ डिसेंबर

मुखरूभाऊंना मस्का लावून गळक्या पॅडजवळचा तळहाताएवढा तुकडा कापून घेतला. अब्बांना ते आवडलं नाही. अम्मी म्हणाली, "बाप सोड म्हनते तं सोडत काऊन नाई तू?" अम्मीनं कधी माझ्या कामात नाक खुपसलेलं नाही. घरात सगळ्यांना झालंय तरी काय?

सकाळच्या गाडीनं चंद्रपूरला गेले. संघप्रिया माझी पॉलिटेक्निकची मैत्रीण, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वडिलांकडे राहते आणि चंद्रपूरच्या एका तपासणी प्रयोगशाळेत काम करते. तुकडा हातात घेऊन तिनं तो उजेडात फिरवला, जशी आई पोराच्या डोक्यात ऊ शोधते तशी. म्हणाली, "पयले पत्रा असली आहे का पाहू. मंग चिरेचा फोटू काढू. घाई करू नोको, पुढं लाइन आहे."

मिलच्या बोअरच्या पाण्याची बाटलीही तिच्याकडे दिली.

२७ डिसेंबर

पत्रा असली. जो मागितला तोच आला होता, मशीननं ठिणगी पाडून सांगितलं. मला वाईट वाटलं. नकली निघाला असता तर एका झटक्यात सगळे सुटलो असतो.

२ जानेवारी

पाण्याचाही अहवाल आला. क्षार थोडे जास्त, पण असं पाणी इकडे सगळेच पितात आणि सगळ्यांच्या टाक्या फुटत नाहीत. शिवाय पाण्याचा दोष असता तर टाकी आतून कुठेही फुटली असती, नेमकी पॅडापाशीच का?

म्हणजे उरला वेल्ड. आज पहिल्यांदा मनात आलं की अब्बा खरं बोलत असतील तर? मला स्वतःचाच राग आला, पण आलं ते आलं, वहीशी काय खोटं बोलायचं.

अब्बांनी एकवीस दिवस वेल्डिंगच्या टॉर्चला हात लावलेला नाही. एका बाईंचं गेट आमच्याकडे जोडायला पडलं होतं, त्यांचे यजमान येऊन उचलून घेऊन गेले. म्हणाले, "हाफिजभाऊले आराम करू द्या आता." अब्बांनी स्वतः गेट उचलायला हात दिला.

आणि ते करतात काय दिवसभर? आरमोरीची टाकी, जी पूर्ण तयार आहे, तिचे पॅड घासून घासून काढले. सगळे! मग पाइप लावून तिला बाहेरून धूत बसले. काल धुतली, आज परत धुतली. पाणी बादलीत धरतात, वास घेतात, ओततात, पुन्हा धुतात. विचारलं तर, "धुळीची झाली होती." मी अम्मीला म्हटलं, अब्बांना गडचिरोलीच्या दवाखान्यात दाखवायला हवं. अम्मी पदर तोंडाला लावून आत गेली. ती रडत असावी.

९ जानेवारी

दुपारी संघप्रियाचा फोन.

"फरू, तू म्हनत होती चीर आतून बाहेर आली. उलटं आहे. बाहेरून रुंद आहे, आत जाता जाता बारीक झाली. बाहेरून सुरू झाली ते. अन एक नाई, फांद्या फुटल्या आहेत तिले, झाडाच्या मुळ्या कशा जाते तशा."

"वेल्डमध्ये?"

"वेल्डपासून बोटभर दूर. पॅडाच्या मागं. वेल्ड एकदम साबूत आहे. असा वेल्ड मी पाह्यला नाई, सरनं पन विचारलं कोनाचा आहे म्हनून."

मी वर्कशॉपमध्ये अक्षरशः नाचले. फोन कानाला, एक हात वर! अब्बा नव्हते, नाही तर त्यांनाही नाचवलं असतं. अब्बांचा वेल्ड साबूत!

"थांब, पूर्ण ऐक ना," ती म्हणाली. "स्टेनलेसवर एक पापुद्रा असते, डोळ्याले दिसत नाई, त्याच्याच भरोशावर ते टिकते. मिठाच्या जातीचं काई, क्लोराइड म्हन, त्याले खाते. त्यात पत्रा गरम, अन वेल्डनं ताणलेला. हे तिन्ही एका जागी आले का अशी चीर पडते. तिथं क्लोराइड ढीगभर भेटलं मले. आत पानी होतं, पन बाहेर काऊन असन? बाहेरून काई लावलं होतं का टाकीले?"

मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला.

मग ही वही उघडली. अठरा ऑक्टोबर. फरशीच्या ॲसिडच्या सहा बाटल्या. पुस्तक उघडायचीही गरज नव्हती, फरशीचं ॲसिड म्हणजे तेच क्लोराइड, पहिल्या वर्षाला शिकलो होतो. पेस्टमध्ये वेगळी ॲसिडं असतात. दोन तास धुतलं खरं, पण वेल्डच्या फटींतून जे पॅडामागे शिरलं तिथे पाइपचं पाणी कसं पोचणार? ते तिथेच बसलं, रोज तापलं, रोज आटलं, आणि पत्रा खात राहिलं. सात आठवडे.

"शेवटी पेस्टमध्येही ॲसिडच असतं." अक्षर माझंच आहे.

१० जानेवारी

सकाळी वर्कशॉप उघडायच्या आधी अब्बांसमोर जाऊन बसले. म्हटलं, "अब्बा, वेल्ड तुमचा नव्हता. ॲसिड माझं होतं. फरशीचं."

अब्बांनी बशी खाली ठेवली. "हाव."

"हाव म्हणजे?"

"मले माहीत होतं."

मला आधी कळलंच नाही. "केव्हापासून?"

"पहिल्याच दिवशी. जिभेले लावलं ना मी. घरी आलो तं मागं बाटल्या दिसल्या."

अम्मी दारातून म्हणाली, "मीच फेकल्या त्या. यायनं सांगितलं म्हनून."

म्हणजे पॅड काढणं, दोन-दोन दिवस धूत बसणं, बादलीतल्या पाण्याचा वास. मी त्यांना दवाखान्यात न्यायला निघाले होते!

"मग मला सांगितलं काऊन नाही?"

अब्बा नखाखालची काजळी काढत राहिले. "तीस सालाचं नाव आहे माहं बेटा. एक डाग पडला तं लोक का म्हनतीन? बुढ्ढा झाला. तुह्यं तं पहिलंच काम. पोरीनं पहिलीच टाकी फोडली म्हनलं का दुसरी कोनी देत नाई. वडसा आहे हे."

मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी इतका संताप आला की आवाज फुटला. "तुम्ही मला वाचवलं नाही अब्बा, अडाणी ठेवलं. मी आणखी दहा टाक्यांना ॲसिड मारलं असतं, आणि तुम्ही दहा वेळा म्हणाला असतात, माझा हात थरथरतो!"

"मारू नसतं दिलं."

"कसं? रोज चोरून धूत बसून?"

यावर ते हसले. एका महिन्यानंतर. पण मी हसले नाही. मी म्हटलं, परवा मिलमध्ये जाऊन खरं सांगणार. अब्बा म्हणाले, नको. मी म्हटलं, सांगणार. अब्बा चहा तसाच ठेवून उठून गेले.

१२ जानेवारी

सांगितलं. आणि कोणी विश्वास ठेवला नाही!

वामनराव, मुखरूभाऊ, मिलची चार माणसं. मी अहवाल दाखवला, चिरेचा फोटो दाखवला, ॲसिडचं सगळं सांगितलं. वामनरावांनी शांतपणे ऐकलं आणि मला खुर्ची दिली. "बस बाई. बापाची लाज राखून राह्यली, समजते मले. चांगली पोरगी आहेस."

"वामनराव, मी खरं सांगते आहे."

"हाफिजभाऊनं सोता कबूल केलं का हात थरथरते. तुही मैत्रीणच हाय ना लॅबमध्ये? मंग." मुखरूभाऊंनी मान डोलावली. "माह्या पोरीनं पन असंच केलं असतं."

आणि वर एकजण म्हणाला, फरशीच्या ॲसिडनं स्टील कुठी फाटते, आमी घरी भांडे घासतो त्यानं.

चांगली पोरगी! आयुष्यात पहिल्यांदा ही शिवी वाटली. बाप खोटं बोलला ते सगळ्यांना पटलं, मी खरं बोलते ते कोणाला पटत नाही. घरी आल्यावर अब्बा म्हणाले, "पाय, मी म्हनलं होतं." त्यांच्या आवाजात सुटका होती. मी जेवले नाही.

१३ जानेवारी

ठीक आहे. कागद पटत नाही ना, मग डोळ्यांनी बघा.

१५ जानेवारी

त्याच पत्र्याच्या उरलेल्या तुकड्यातून दोन पट्ट्या कापल्या. दोन्ही घोड्याच्या नालेसारख्या वाकवून टोकं बोल्टनं आवळली, म्हणजे ताण आला. दोन्हींवर पॅडासारखी एकेक छोटी चकती आवळून बसवली. वेल्ड कुठेच नाही, एक टाकासुद्धा नाही. मिलमध्ये नेऊन सगळ्यांसमोर एका पट्टीला फरशीचं ॲसिड मारलं, दुसरीला नागपूरची पेस्ट. मग दोन्ही पाइपखाली धरून धुतल्या, जशा टाक्या धुतल्या होत्या, अगदी भरपूर.

वामनराव म्हणाले, "याच्यानं का होनार?"

"वेल्ड नसताना पट्टी फाटली, तर वेल्डचा दोष नाही. नाही फाटली, तर मी खोटारडी. अब्बांनाही पुन्हा त्रास देणार नाही."

वाफेच्या पाइपला दोन्ही बांधल्या. मुखरूभाऊंना सांगितलं, दिवसातून दोनदा ओल्या चिंधीनं भिजवा. वामनरावांनी स्वतःच्या हातानं पोत्याचा दोरा बांधून वर लाखेचा ठिपका दिला, कोणी अदलाबदल करू नये म्हणून. मला त्यांचं ते आवडलं. विश्वास नाही ठेवत, पण निदान धड अविश्वास तरी ठेवतात.

२० जानेवारी

काही नाही. दोन्ही पट्ट्या ठणठणीत.

२३ जानेवारी

काही नाही. मिलमध्ये माझ्या पट्ट्या आता गमतीचा विषय झाल्या आहेत. मुखरूभाऊ विचारतात, "बाई, आज भिजवू का अंघोळच घालू?" मी म्हटलं, भिजवा. हसू आलं नाही तरी हसले.

नाही फाटली तर? मी शब्द दिला आहे. मग अब्बांचा हात कायमचा थरथरता राहील, आणि तोही माझ्या साक्षीनं. दोन दिवस झोप नीट नाही. पण माझं गणित बरोबर आहे. मी एकदा चुकले म्हणून प्रत्येक वेळी चुकेनच असं नाही.

२८ जानेवारी

मुखरूभाऊंचा फोन. या वेळी ते चक्क घाईत होते. "बाई, या. आवाज आला तिचा. टक्कन."

अब्बांना सांगितलं, चला. ते नको म्हणत होते. अम्मीनं त्यांच्या हातात चप्पल दिली.

वामनरावांनी स्वतः लाख तोडली, दोरा सोडला. ॲसिडची पट्टी आधी वर आली. वाकवलेल्या जागी, चकतीच्या कडेनं केसाएवढी काळी रेघ, तिला फुटलेले बारीक फाटे. वामनरावांनी बोल्ट सोडला आणि दोन्ही हातांनी पट्टी ताणली. ती पापडासारखी मोडली. स्टेनलेस स्टील, दोन मिलिमीटर! मग पेस्टची पट्टी. तिला मुखरूभाऊंनी हातोडीनं सपाट केलं, पुन्हा वाकवलं. काही झालं नाही.

वामनरावांनी मोडकी पट्टी उजेडात धरली, आणि मग माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरणार नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा ते माझ्यावर रागावले. माझ्यावर!

"म्हंजे तूच फोडली."

"हो. मीच."

"सीझनच्या मधात! लोकायचं धान परत पाठवलं मी. चार दिवस थांबली असती पेस्टसाठी तं का बिघडलं असतं? मी उद्घाटन पुढं ढकललं असतं. विचारलं तरी का मले?"

"नाही विचारलं. चुकलं माझं."

अजून बरंच बोलले. सगळं खरं होतं, मी सगळं उभ्यानं ऐकलं. मग ते अब्बांकडे वळले आणि त्यांचा आवाज खाली आला. "अन तुमी, हाफिजभाऊ? हात थरथरते म्हने. शरम नाई वाटली खोटं बोलताना?"

अब्बांचे कान लाल झाले होते. कशानं ते मी सांगू शकत नाही. म्हणाले, "पोरगी आहे ना वामनराव."

"तं तिले पोरगीच राहू द्याची होती. इंजिनेर काऊन केलं?"

नव्या टाक्या आम्हीच करायच्या आहेत. पॅडांना या वेळी चारी बाजूंनी सलग वेल्ड, फट नाही; आरमोरीच्या टाकीलाही तसेच. वामनरावांची अट एकच: पूर्ण होईपर्यंत रोज एकदा त्यांचा माणूस येऊन बघणार. मी हो म्हटलं.

३ फेब्रुवारी

वडशात बातमी पोचायला एक दिवसही लागला नाही. चहाच्या टपरीवर माझं नाव ॲसिडवाली बाई असं पडलंय. भाजी घेताना एक काकू म्हणाल्या, "तूच का ते टाकी फोडनारी?" मी म्हटलं, हो, कोबी द्या.

आज दुपारी एका नाटक कंपनीचे सुनिलभाऊ आले. नाटकांचा सीझन ऐन भरात आहे, रात्री नदीपलीकडच्या गावात प्रयोग, आणि रंगमंचाची लोखंडी कैची, म्हणजे वरचा आडवा सांगाडा, मधोमध तुटलेली. तिच्यावर दिवे टांगतात, खाली माणसं नाचतात. ट्रकमधूनच ओरडले, "हाफिजभाऊ, आहे का हात ठिकाणावर?"

अब्बा बाहेर गेले. सुनिलभाऊंनी आधी त्यांना बघितलं, मग दारात उभ्या मला. मग जरा चाचरत म्हणाले, "एक सांगाचं होतं. राग नोको मानू. वेल्ड तुमीच मारा. पोरीनं हात लावू नये, असं मालकानं म्हनलं आहे."

अब्बांचा चेहरा असा काळवंडला की मला वाटलं ते कैची उचलून रस्त्यात फेकतील. "मंग घेऊन जा तुमची कैची. इथी माही पोरगी काम करते. तिले हात लावू नोको म्हननारा..."

"अब्बा," मी म्हटलं, "घ्या."

"फरहत, तुले समजते का त्यो का म्हनून राह्यला?"

"समजतं. बरोबर म्हणतो आहे. घ्या."

कैची चौघांनी उतरवली. मी त्यात नव्हते. अब्बांनी त्रेपन्न दिवसांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं, रॉड होल्डरला लावला, आणि काच खाली करायच्या आधी एकदा माझ्याकडे बघितलं. मी अंगणाच्या कडेला, भिंतीला टेकून, हात मागे बांधून उभी होते. मला कैची धरायची होती, मला काहीतरी धरायचं होतंच.

ठिणग्या उडाल्या. सुनिलभाऊ डोळ्यांवर हात धरून ट्रकवाल्याला म्हणाले, "पाय, कसा हात आहे. कोन म्हनत होतं बे थरथरते?"

माझ्या आयुष्यात कोणी माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं नव्हतं.